मोरीतल्या पाइपातले तीन ठोके

"तुझे बाबा मोरीतल्या पाइपात हायेत," आई म्हणाली, आणि माझी तव्यावरची पोळी करपली.

बाबांना जाऊन तेव्हा आठ महिने झाले होते. आई भाजी निवडत होती. तिचा आवाज अगदी नेहमीचा, कोथिंबीर महाग झाली म्हणताना असतो तसा. मी गॅस बंद केला आणि तिच्याकडं बघत राहिले.

"अशी काय बघतीस? रोज सांगतेत, मी आत हाय म्हणून. तीन ठोके. तुला ऐकू येत नाय त्याला मी काय करू?"

मी उस्मानपुऱ्यातल्या एका शाळेत आठवी-नववीला विज्ञान शिकवते. दरवर्षी ध्वनीचा धडा येतो. दरवर्षी मी ट्यूनिंग फोर्क टेबलावर आपटून मुलींच्या गालाला लावते, त्या किंचाळतात, आणि मी फळ्यावर लिहिते: कंपनाशिवाय ध्वनी नाही. एवढी वर्षं हे वाक्य लिहिणाऱ्या बाईच्या घरात मेलेला माणूस पाइप वाजवत होता म्हणे. मला भीती वाटली नाही, आधी रागच आला. माझं असंच आहे, कुठलीही गोष्ट पहिल्यांदा माझ्याकडं रागाच्या दारानं येते.

गारखेड्यातल्या त्या घरात आम्ही दोघीच राहत होतो. माझं लग्न झालं नाही, किंवा मी होऊ दिलं नाही, तो विषय इथं नको. धाकटा भाऊ पुण्यात, बायको-मुलांसह. घर बाबांनी नोकरीत असताना बांधलं. मागच्या बाजूला मोरी, मोरीच्या भिंतीतून वर आलेला लोखंडी पाइप, त्याला नळ. नळाशेजारी खुंटीला बाबांचा जुना पाना टांगलेला. पाइपाला पाठ टेकून, पाटावर बसून भांडी घासायची आईची सवय तीस वर्षांची. बाबांचे ठोके तिला तिथंच येत होते.

बाबा शहराच्या पाणीपुरवठ्यात लाइनमन होते. व्हॉल्व्ह सोडणं-बंद करणं हे काम सगळेच करत, पण जमिनीखाली पाइप कुठं गळतोय ते कानानं शोधणारी माणसं थोडी. बाबा त्यातले. त्यांच्याकडं कमरेएवढी लोखंडी सळई होती, तिच्या एका टोकाला लाकडाचा गोल गट्टू. सळईचं टोक जमिनीवर किंवा नळावर टेकवायचं आणि गट्टू कानाच्या मागच्या हाडाला लावायचा. लहानपणी सुट्टीच्या दिवशी ते मला सोबत न्यायचे. मी गट्टू कानाच्या भोकात खुपसायला गेले की टपली मारायचे.

"कानात नाय गं, हाडाला लाव. हाडाला समजतं."

आणि खरंच समजायचं. खाली कुठंतरी सूंऽऽ असा बारीक आवाज, कुणी दातातून हवा सोडावी तसा. बाबा म्हणायचे, "हवा लई आळशी. बातमी घेऊन निघती अन् निम्मी रस्त्यात सांडून येती. पाणी बरं. पण लोखंडासारखा इमानदार कुणी नाय." पुढं मी पुस्तकात वाचलं, की ध्वनी हवेतून सेकंदाला साधारण तीनशे चाळीस मीटर जातो, पाण्यातून चौपटीहून जास्त, आणि लोखंडातून जवळजवळ पंधरा पट. बाबांना आकडे ठाऊक नव्हते, क्रम बरोबर ठाऊक होता. भुसभुशीत कोरडी माती आवाज गिळते, दाबून बसलेली ओली माती तो पुढं जाऊ देते, हेही त्यांनीच मला पायानं माती दाबून दाखवलं होतं.

हे काम दोघांचं असायचं. बाबा चेंबरमध्ये उतरत, आणि त्यांचे जोडीदार वर, लांबच्या व्हॉल्व्हपाशी चावी धरून उभे राहत. आम्ही त्यांना काका म्हणायचो. मोबाइल नव्हते तेव्हा हे दोघं पाइपावर पाना ठोकून बोलायचे. एक ठोका म्हणजे ऐकलं. दोन म्हणजे पाणी सोड. आणि तीन म्हणजे, मी आत आहे, चावीला हात लावू नको. आत बाबाच असायचे, त्यामुळं तीन ठोके बाबांचे. काका कधी तीन मारायचे नाहीत, त्यांचा तो हक्कच नव्हता. निवृत्त झाल्यावरही बाबा अंघोळीला गेले आणि आईनं बाहेरून घाई केली की आतून पाइपावर तीन ठोके यायचे, आणि आई हसून स्वयंपाकघरातल्या नळावर एक ठोका द्यायची.

काकांचं घर आमच्या मागच्याच गल्लीत होतं. बाबा जायच्या दोन महिने आधी त्यांना लकवा मारला, अर्धं अंग आणि वाचा दोन्ही गेली. मुलगा-सून नोकरीनिमित्त बाहेरगावी, म्हणून त्यांना पाचोडला मुलीकडं नेलं आणि मागच्या घराला कुलूप लागलं. मग बाबा एका सकाळी चहा पितापिताच गेले. पाचोडला निरोप धाडला होता. तिकडून कुणी आलं नाही. आजारी माणसाचं घर, असेल काहीतरी, म्हणून आम्हीही विषय सोडून दिला.

तर आई म्हणत होती ते तीन ठोके म्हणजे हे.

दोन दिवस मी मोरीत पाइपाला कान लावून बघितलं. काही नाही. मी आईला म्हणाले, "बघ, काही नाही." ती म्हणाली, "कान लावतीस ना? बाबांनी काय शिकवलं तुला?" मला ते लागलं. तिसऱ्या दिवशी रविवार होता. सकाळचे अकरा वाजले असतील. मी पाइपाला जबड्याचं हाड टेकवलं, डोळे मिटले. लोखंड गार होतं.

ठक. ठक. ठक.

एकसारखे, मध्ये सारखं अंतर. पाइप आपोआप असा वाजत नाही, हे मला त्या क्षणी हाडात कळलं. आईनं शांतपणे खुंटीवरचा पाना काढला आणि पाइपावर एकच ठोका दिला. तो माझ्या दातांत घुमला. पलीकडं शांतता झाली, कुणाचं तरी समाधान झाल्यासारखी.

"ऐकलं?" आई म्हणाली.

मी विज्ञानाची बाई. मोरीत उकिडवी बसून पुन्हा पाइपाला जबडा लावत होते.

लहानपणी मी हौदात डोकं बुडवून बसायचे आणि बाबा बाहेरून हौदाच्या भिंतीवर ठोकायचे. पाण्यात आवाज चहूबाजूंनी येतो, कुठून आला ते कळतच नाही, कारण दोन्ही कानांना तो जवळजवळ एकाच वेळी पोचतो. मी प्रत्येक वेळी चुकीच्या बाजूला बोट दाखवायचे. त्या रविवारनंतर माझं तसंच झालं. वर्गात शिकवताना, रिक्षात, बाजारात, कुठंही तीन वेळा काही वाजलं की मी मान वळवायचे. वर्गात एकीनं बाकावर पेन आपटलं, ठक ठक ठक, आणि मी तिच्यावर अशी ओरडले की पोरगी रडायला लागली.

एका गोष्टीची मला सगळ्यांत जास्त लाज वाटत होती. आम्ही धम्माचे लोक. आमच्या घरात भूत नाही, भानामती नाही, अंगात येणं नाही. आजोबांनी देव्हाऱ्यातले टाक नदीला सोडले ते कायमचे. बाबा तर कुणी लिंबू-मिरची टांगलेली दिसली की ती मिरची घरी आणून ठेचा करा म्हणायचे. त्या माणसालाच आम्ही पाइपात बसवलं होतं.

"आपल्यात असलं काही नसतं, आई," मी म्हणाले.

"मी कुठं म्हणले भूत हाय म्हणून?" ती म्हणाली. "ते हायेत, अन् सांगतेत, आत हाय. मी म्हणते, ऐकलं. यात भुताचा काय संबंध?"

हे तिनं फोनवर भावालाही सांगून टाकलं. त्यानं रात्री नाही, भर दुपारी ऑफिसातून मला फोन केला, म्हणजे पक्का घाबरला होता.

"ताई, आई भ्रमिष्ट होतेय. मी तिला घेऊन जातो. डॉक्टरला दाखवतो. घर भाड्यानं देऊ."

"तिला जायचं नाहीये."

"तिला जायचं का नाहीये, ऐकलंस ना तू? म्हणते, मी गेले तर ह्यांना जवाब कोण देणार! मुलांच्या परीक्षा संपल्या की मी येतोय. तोपर्यंत हे थांबलं तर ठीक, नाहीतर मी ऐकणार नाही."

माझ्या हातात असे दीडेक महिने आले. आई गारखेड्यातून हलली तर महिन्याभरात खंगेल हे मला कळत होतं. ती इथल्या भाजीवाल्याशी भांडते, विहारात वंदनेला पुढं बसते, शेजारच्या पोरींची बाळंतपणं तिनं काढलीत. पुण्यात नवव्या मजल्यावर ती काय करणार? आणि खरं सांगायचं तर मी एकटी त्या घरात काय करणार होते? ठोके थांबले तर आई राहील, एवढंच मला दिसत होतं.

मी वही घेऊन बसले. उन्हानं लोखंड प्रसरण पावतं, तडतडतं. पण ते तडतडणं वेडंवाकडं असतं, मोजून तीन नसतं. नळ झटकन बंद केला की धावतं पाणी अडून पाइपात दणका बसतो, ते मी स्वतः मुलींना समजावते. पण ठोके पाणी नसलेल्या दिवशीही येत होते. उंदीर म्हणावं, तर उंदीर मोजत नाहीत. साधारण अकराला आणि मग चारच्या सुमाराला, कधी मध्येच. मी आईला प्रत्येक शक्यता समजावून सांगायचे. ती ऐकायची आणि माझ्याकडं अशा मायेनं बघायची, जणू मीच आजारी आहे. मग तिचा नंबर आला की पाना उचलायची, एक ठोका, आणि चेहरा उजळायचा. बाबा गेल्यापासून ती एकदाही रडली नव्हती. मला वाटायचं, खंबीर आहे. ती कशाला रडेल, तिचा नवरा दिवसातून दोनदा बोलत होता.

एका शनिवारी भावाचा पुन्हा फोन आला, रजा टाकतोय म्हणाला. माझं डोकं फिरलं. कारण कळत नाही तर नाही, वाटच तोडून टाकू! आमचं नळकनेक्शन मागच्या बाजूच्या जुन्या लोखंडी लाइनवरून होतं. पुढच्या रस्त्यानं नवी लाइन गेलेली, आजूबाजूच्या सगळ्यांनी त्यावरून प्लास्टिकचे पाइप घेतलेले. बाबांनी मात्र शेवटपर्यंत लोखंड सोडलं नव्हतं. मी रीतसर अर्ज केला, प्लंबर बोलावला.

आई मोरीच्या उंबऱ्यात उभी राहिली. "लोखंडाचाच लाव की रे बाबा," ती प्लंबरला म्हणाली.

"आजी, लोखंड कोण लावतंय आता? गंजतंय, सडतंय. ह्या प्लास्टिकला मरण नाय बघा."

तो हे चांगुलपणानंच म्हणाला. त्यानं मागच्या भिंतीबाहेर वीतभर अंतर सोडून जुना पाइप करवतीनं कापला, तोंडाला टोपी बसवली आणि मोरीतला लोखंडी तुकडा उपटून भंगारात टाकला. करवत चालू होती तेव्हा सगळं घर कण्हत होतं. लोखंड कापताना निघतो तसा आवाज, दुसरं काही नाही, असं मी स्वतःला दोनतीनदा सांगितलं.

घर शांत झालं. मऊ प्लास्टिक कंपनं गिळतं, आणि गिळायलाही आता पलीकडून काही येत नव्हतं. आई आठ-दहा दिवस पाटावर तशीच बसायची, नव्या पांढऱ्या पाइपाला पाठ टेकून. अकरा वाजले की हात थांबायचे. मग एक दिवस तिनं पाना खुंटीवरून काढून कपाटात ठेवला. मला एका शब्दानं बोलली नाही. बोलली असती, शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

त्यानंतर तीच भावाला फोनवर म्हणाली, "ये घ्यायला. आता इथं काय हाय?"

मी जिंकले होते, आणि त्याच जिंकण्यानं आईला घराबाहेर काढलं होतं. मी स्वयंपाकघरात उभी राहून ते ऐकलं. तिनं पातळांच्या घड्या घालायला सुरुवात केली. भाऊ येत्या रविवारी येणार होता.

आदल्या दिवशी शनिवार, माझी शाळा सकाळची. घरी आले तर आई वाळत घातलेली चादर काढ म्हणाली. मागच्या बोळात गेले. चादर काढताना तोल सांभाळायला मी भिंतीबाहेरच्या त्या कापलेल्या पाइपाच्या बुंध्यावर हात टेकला.

तळहातात तीन ठोके लागले.

"बाबा!" माझ्या तोंडून निघालं. मोठ्यानं. फळ्यावर कंपनाचं वाक्य लिहिणारी मी, भर दुपारी, चादर छातीशी धरून एका गंजलेल्या पाइपाला बाबा म्हणत होते. मी गुडघ्यावर बसले आणि त्या बुंध्याला गाल लावला. पुन्हा तीन. जोरात, घाईघाईनं. पुन्हा तीन. कुणीतरी आत अडकलंय आणि वरच्या माणसावरचा त्याचा भरवसा सुटत चाललाय, असे ठोके. मला रडू फुटलं.

रडता रडताच डोक्यात लख्ख झालं. हा पाइप आता आमच्या घराला जोडलेलाच नाही. म्हणजे आवाज घरातला नाही, जमिनीखालून येतोय. आणि जे जमिनीखालून येतं ते शोधायचं कसं, हे मला माझ्या बापानंच शिकवलं होतं. मी माळ्यावरून सळई काढली.

आमच्या मागच्या भिंतीला मागच्या गल्लीतल्या घरांच्या पाठी लागून आहेत, मध्ये तो बोळ. तिकडं जायचं तर मोठ्या रस्त्यानं वळसा घालावा लागतो. मी तशीच घरातल्या साडीवर, सळई घेऊन निघाले. पहिल्या घराबाहेरच्या नळाला सळई टेकवली, गट्टू कानामागं. फार बारीक. दुसऱ्या घराचा पाइप, थोडं मोठं. दारात बसलेली एक शेजारीण म्हणाली, "क्या ढूंढ रहे मॅडम? पानी लीक हुआ क्या?" मी हो म्हणाले. तिसऱ्या घरापाशी ठोका इतका स्पष्ट होता की दोन ठोक्यांमधला हात उचलल्याचा वेळ मला मोजता येत होता. चौथ्या घरापाशी मी सळई बाजूला केली. आता तिची गरज नव्हती. ठोके उघड्या खिडकीतून, साध्या हवेतून येत होते.

काकांचं घर. दाराला कुलूप नव्हतं.

त्यांच्या सुनेनं दार उघडलं आणि मला बघून तिचा चेहरा पांढरा पडला. "ताई, तुम्ही कशाला आलात?" असं ती चक्क म्हणाली, आणि लगेच माझा हात धरून मला स्वयंपाकघरात ओढलं.

उन्हाळ्यातच मुलगा-सून त्यांना पाचोडहून परत घेऊन आले होते, इथल्या दवाखान्यासाठी. आम्हांला मुद्दाम कळवलं नव्हतं. कारण बाबा गेल्याचं काकांना कुणी सांगितलंच नव्हतं. डॉक्टर म्हणाले होते धक्का नको, आणि ह्या घरात बाबांच्या जाण्याहून मोठा धक्का दुसरा नव्हता. आई भेटायला आली असती तर तिच्या डोळ्यांतच त्यांनी वाचलं असतं. काकांना सांगितलं होतं, की बाबांचे गुडघे गेलेत, घराबाहेर पडता येत नाही.

"खाट मागच्या खोलीत लावली," सून कुजबुजत होती. "डावा हात तेवढा चालतो. खुणेनं पाना मागितला, अन् लागले पाइपावर ठोकायला. आम्हांला वाटलं, नाद. पण ताई, तिकडून जवाब यायचा. ते पाइपाला जबडा लावायचे अन् हसायचे. आल्यापासून तेवढंच हसू. आता तीन-चार आठवडे झाले, जवाबच येत नाय. दिवसभर ठोकतेत. घास तोंडात घेत नायत. तुमच्याकडं काय झालं हो?"

काय झालं होतं? शहाणपण झालं होतं. बोलता येत नाही, उठता येत नाही, असा माणूस आपल्या देहात अडकून रोज सांगत होता, मी आत आहे. आयुष्यभर वर उभ्या राहिलेल्या माणसाची आत जायची पाळी आली होती, आणि आता वर आपला दोस्त उभा आहे अशा भरवशावर तो ठोकत होता. इकडून माझी आई ऐकलं म्हणत होती. तिला वाटत होतं तिकडं बाबा, त्याला वाटत होतं इकडं बाबा. दोघंही एकाच मेलेल्या माणसाशी बोलत होते. आणि मी मधला पाइप कापला होता.

मी आत गेले. काका अर्धे झाले होते. त्यांनी मला ओळखलं, माझ्या हातातली सळई ओळखली, आणि त्यांची नजर माझ्या खांद्यावरून दाराकडं गेली. तिथंच थांबली.

"बाबांचे गुडघे लई दुखतेत, काका," मी म्हणाले. "पाइपही खराब झाला होता मधे. दुरुस्त करून घेतो."

आयुष्यात इतकं सफाईदार खोटं मी बोलले नव्हते. काकांनी माझ्याकडं बघत भिंतीतल्या पाइपावर तीन ठोके दिले. मी सळई उचलली आणि घराकडं निघाले.

घरी आले तर आई बॅगेची चेन लावत होती. सांगू की नको? नाही सांगितलं तर ती उद्या जाणार, काका उपाशी ठोकत राहणार. सांगितलं तर तिच्याकडून बाबा काढून घ्यावे लागणार. मी खाली बसले आणि सगळं सांगून टाकलं, एका दमात.

आई बॅगेवरच बसली.

"म्हंजी ते नव्हते."

"नाही, आई."

"एकदाबी नाय?"

"नाही."

मग ती रडली. जमिनीवर हात आपटून, बाबांना अरेतुरे करून, गावाकडच्या बाया रडतात तशी मोठ्यानं. शेजारणी धावत आल्या, काय झालं विचारू लागल्या. मी काय सांगणार होते? बाबांना जाऊन वर्ष व्हायला आलं होतं, पण माझ्या आईचा नवरा त्या दुपारी गेला. मी तिच्या पाठीवर हात ठेवला तर तिनं तो झटकला. बरोबरच होतं तिचं.

संध्याकाळी तिनं तोंड धुतलं, कपाटातून पाना काढला आणि म्हणाली, "त्या प्लंबरला बोलाव. लोखंड जोडून घे."

रविवारी सकाळी प्लंबर डोकं खाजवत होता. "मॅडम, नळ कुठं बसवू?" नळ नको. "मग पाणी कुठून घेणार?" पाणी नको. त्यानं बाहेरच्या बुंध्यापासून भिंतीतून आत मोरीपर्यंत लोखंडी तुकडा घट्ट जोडला, दोन्ही टोकं बंद, आणि आमच्याकडं बघत बघत गेला. तो बाहेर पडला आणि भाऊ आत आला. आईचे सुजलेले डोळे, पाटावर बसलेली ती, मांडीवर पाना, समोर नळ नसलेला पाइप. त्यानं माझ्याकडं असं बघितलं, की आता दोघींनाही न्यावं लागणार.

"आई, चल," तो म्हणाला. "गाडी बाहेर उभी आहे."

"हात लाव इथं," आई म्हणाली.

"आई, अगं..."

"लाव म्हणते ना!"

त्यानं पाइपावर हात ठेवला. अकरा वाजून गेले होते. मला एकच भीती होती, की उशीर झाला, तो हात आता उठणारच नाही. आणि ठोके आले. तीन, फार हळू, तिसरा जेमतेम. भावानं चटका बसल्यागत हात मागं घेतला.

आईचा पाना हवेत थांबला. आता तिच्यासाठी त्या पाइपात कुणी नव्हतं, हे तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं. ओठ आवळले तिनं, आणि ठोका दिला. एकच, खणखणीत. बाबांच्या हाताचा असावा तसा.

"तिकडं कोण आहे?" भावानं विचारलं. त्याचा आवाज अगदी लहान झाला होता.

"तुझे काका."

"आणि तू? तू कोण म्हणून ठोकतीस?"

"तुझा बाप म्हणून," आई म्हणाली. "मला कळलंय तिकडं कोण हाय ते. इकडं कोण नाय, ते त्याला कळायला नको. ती बॅग उचल अन् आत नेऊन ठेव."

त्यानं बॅग उचलली आणि आत नेऊन ठेवली.